त्रेचाळीस पॉइंट आठ

पत्र थोडक्यात असं: परळच्या एका आईचा मुलगा दहावीत आहे आणि शाळेच्या चार बाय शंभर रिलेत दुसरा धावतो. गेल्या महिन्यात एका आंतरशालेय स्पर्धेत, मातीच्या दोनशे मीटरच्या ट्रॅकवर, त्यांचा संघ पहिला आला. टायमिंग जाहीर झालं ४३.८ सेकंद. स्पर्धेचा जुना विक्रम ४४.९ होता, तो मोडला. नाक्यावर बॅनर लागला. पण या आईला ते टायमिंग पटत नाही. सहा महिन्यांपूर्वी सिंथेटिक ट्रॅकवर इलेक्ट्रॉनिक घड्याळावर या चौघांनी शंभर मीटर धावताना काढलेल्या वेळा तिने मांडल्या: ११.६२, ११.८१, ११.९४ आणि १२.०८. बेरीज ४७.४५. मग ४३.८ आले कुठून? दुसऱ्या आलेल्या शाळेचं टायमिंग ४६.९, आणि त्यांचा शेवटचा मुलगा 'चार-पाच पावलं मागे' होता. मोबाइलवरचा व्हिडिओ तिने पाच वेळा पाहिला, दर वेळी पंचेचाळीस-सेहेचाळीस सेकंद भरतात. आता इतर शाळांचे पालक कुजबुजतायत. शेवटचा लेग धावणारा मुलगा यंदाच बाहेरगावाहून आलाय, त्याला मिशी आहे, वय नक्की किती? आणि सर मुलांना कसली तरी पावडर देतात म्हणे. सरांना विचारलं तर म्हणाले, "ताई, पोरांच्या आनंदावर कशाला विरजण घालता?" पुढे शालेय जिल्हास्तर स्पर्धा आहे, दहावीच्या सवलतीच्या गुणांचाही प्रश्न आहे. मुलाला सांगावं की गप्प बसावं?

ताई, नमस्कार.

तुमचं पत्र वाचून आधी हसू आलं, मग थोडी लाज वाटली. हसू यासाठी, की आपल्या मुलाने विक्रम केल्यावर पेढ्यांऐवजी बेरीज मांडत बसणारी आई मला पहिल्यांदाच भेटली. लाजेचं कारण सांगते. मी सत्तावीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. वार्षिक क्रीडा दिनाला स्टॉपवॉच कोणाच्या हातात द्यायचं तर गणिताच्या बाईंच्या, असा आमच्याकडे रिवाज होता. आकडे कळतात म्हणजे घड्याळ दाबता येत असेल, हा समज. एका वर्षी मुलींच्या रिलेत दोन संघ छातीला छाती लावून आले आणि मी इतकी रंगून गेले की बटण दाबायचंच राहिलं. भानावर आले तेव्हा घड्याळात अठ्ठावन्न का एकोणसाठ चाललेलं. शेजारच्या सरांनी विचारलं, "बाई, किती?" मी आदल्या वर्षीचा आकडा आठवला, त्यातून थोडं वजा केलं आणि सांगून टाकलं. प्रमाणपत्रावर तो आकडा छापला गेला. त्या मुली आता आया झाल्या असतील, आणि कुणाच्या तरी फाइलीत माझ्या मनातला तो आकडा अजून असेल.

हे अशासाठी सांगितलं की जाहीर झालेला आकडा कुठून येतो ते कळावं. आपल्याला वाटतं तो मुलांच्या पायांतून येतो. तो येतो एका माणसाच्या अंगठ्यातून, मग एका चिठ्ठीतून, मग माइकवाल्याच्या तोंडून. पाय आणि माइक यांच्यामध्ये बरीच माणसं असतात.

तर आधी तुमची बेरीज. ती बरोबर आहे, पण तिच्यातून तुम्ही काढलेला अर्थ तेवढा बरोबर नाही. रिलेचं टायमिंग चौघांच्या बेरजेएवढं असायला हवं असं तुम्ही धरून चाललात, आणि कुजबुजणारे पालकही तेच धरून चाललेत. तसं नसतं. चौघांपैकी फक्त पहिला मुलगा थांबलेल्या जागेवरून सुटतो. बाकी तिघांच्या हातात बॅटन येतं तेव्हा ते आधीच पळत असतात. नियमाप्रमाणे तीस मीटरचा झोन असतो, त्यात पुढच्याने वेग घ्यायचा आणि चालत्या गाडीत चढावं तसं बॅटन घ्यायचं. शंभर मीटरच्या शर्यतीत सगळ्यात महाग असते ती सुरुवात, आणि ती या तिघांना भरावीच लागत नाही. शिवाय दोघांचे हात लांब झाले की दर बदलीला मीटरभर अंतर फुकटात मिळतं. म्हणून रिलेचं टायमिंग बेरजेपेक्षा कमी येणं हे फसवणुकीचं लक्षण नाही, चांगल्या सरावाचं आहे.

प्रश्न असतो किती कमी, एवढाच. २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये जमैकाच्या चौघांनी ३६.८४ सेकंदांचा विश्वविक्रम केला. कार्टर, फ्रेटर, ब्लेक आणि बोल्ट यांच्या शंभर मीटरच्या आयुष्यातल्या सर्वोत्तम वेळा मांडल्या तर ९.७८, ९.८८, ९.६९ आणि ९.५८, बेरीज ३८.९३. म्हणजे जगातल्या सगळ्यात वेगवान रिलेत वाचले २.०९ सेकंद. तुमच्या चौघांनी ४७.४५ मधून ४३.८ केले असतील तर वाचले ३.६५. पंधरा-सोळाव्या वर्षी मुलं सहा महिन्यांत सुधारतात, त्यासाठी प्रत्येकाला दीड-दोन दशांश सूट देऊ. तरी तीन सेकंद उरतात. आणि तेही मातीवर, दोनशे मीटरच्या अरुंद वळणांच्या ट्रॅकवर, जिथे वेग उलट कमी होतो.

म्हणजे तुमची शंका रास्त आहे. पण कोणावर? उत्तर तुम्ही पत्रातच लिहून ठेवलंय, तुमच्या लक्षात आलं नाही इतकंच.

दुसऱ्या शाळेचं टायमिंग ४६.९, आणि त्यांचा मुलगा चार-पाच पावलं मागे. आता हे ताडून पाहा. ४३.८ आणि ४६.९ यांत ३.१ सेकंदांचं अंतर. शेवटच्या टप्प्यात या वयाची मुलं सेकंदाला साधारण साडेआठ मीटर कापतात. ३.१ सेकंद म्हणजे सव्वीस मीटर. तुम्ही कबड्डी खेळलात असं लिहिलंय, म्हणून तुमच्या मापात सांगते: पुरुषांचं कबड्डीचं मैदान तेरा मीटर लांब असतं. तशी दोन मैदानं एकापुढे एक ठेवा, तेवढा तो मुलगा मागे असायला हवा होता. चार-पाच पावलं म्हणजे नऊ-दहा मीटर, आणि नऊ-दहा मीटर म्हणजे साधारण १.१ सेकंद. दुसऱ्यांचे ४६.९ खरे धरले, तर पहिल्यांचे किती?

४५.८.

तुमचा व्हिडिओही तेच सांगतोय. आणि ४७.४५ मधून ४५.८, म्हणजे १.६५ सेकंद वाचले. शाळेच्या पोरांनी बॅटन न पाडता नीट दिलं-घेतलं तर हे अगदी शोभणारं आहे.

४५.८ चे ४३.८ कसे झाले हे मी इथे बसून शपथेवर सांगू शकत नाही. पण मी पुष्कळ चिठ्ठ्या लिहिल्यात आणि वाचल्यात. इंग्रजी आकड्यांत, घाईत, तळहातावर कागद ठेवून लिहिलेला पाच आणि तीन यांच्यातला फरक म्हणजे वरची एक आडवी रेघ. ती रेघ जरा वाकली की पाचाचा तीन होतो. घड्याळ दाबणाऱ्याचा अंगठा एवढा चुकत नाही. हाताने घेतलेली वेळ इलेक्ट्रॉनिकपेक्षा साधारण पाव सेकंदाने कमी भरते, असं धरायची पद्धत होती. १९६० च्या रोम ऑलिम्पिकमध्ये मिल्खा सिंग चौथे आले, त्यांची हाती वेळ ४५.६ आणि इलेक्ट्रॉनिक ४५.७३, फरक तेरा शतांशांचा. पाव सेकंद चुकतो तो अंगठा. दोन सेकंद चुकतात ते कागदावर.

ट्रॅकच कमी मापाचा आखला गेला असेल का, हाही विचार मी करून पाहिला. फक्की मारताना दोरी सैल राहिली की दोनशेचे एकशे अठ्ठ्याण्णव होतात, हे मी पाहिलंय. पण तसं असतं तर सगळ्याच शाळांची टायमिंगं उतरली असती, एकाच संघाची नाही. शिवाय दोन फेऱ्यांत मिळून चार मीटर कमी पडले तरी फरक अर्ध्या सेकंदाचा.

आता त्या मिशीवाल्या मुलाकडे या. त्याच्याबद्दल लिहिताना तुमचं अक्षर बदललंय, हे मला जाणवलं. आधीचं सगळं सरळ ओळीत, आणि इथे दोनदा खोडून लिहिलंय. तुमचं तुम्हालाच ते बरं वाटलं नसावं. पाहा, त्याचं वय सतरा असो नाहीतर सत्तावीस, त्याने दुसऱ्या संघाला जे दहा मीटर मागे टाकलं ते दहा मीटरच राहतात. न पटणारी गोष्ट ही त्या दहा मीटरांची नव्हती, सव्वीस मीटरांची होती, आणि ते सव्वीस मीटर मैदानावर कधी नव्हतेच. ज्या टायमिंगमुळे त्याच्यावर संशय आला ते टायमिंगच त्याने काढलेलं नाही. मग संशयाला धरून उरलं काय? मिशी. काही मुलांना तेराव्या वर्षी मिशी फुटते आणि काही अठराव्या वर्षीही रोज आरशात शोधत असतात.

वयचोरी आपल्या शालेय खेळांत होत नाही असं मी म्हणणार नाही. होते. म्हणूनच चौदा, सतरा आणि एकोणीस वर्षांखालच्या गटांत उतरताना प्रवेशअर्जावर जन्मतारीख लागते, जन्मदाखला लागतो, शाळेच्या जनरल रजिस्टरमधली नोंद लागते. केंद्र सरकारची वयचोरीविरुद्धची संहिता २०१० पासून आहे. मनगटाच्या एक्स-रेवरून हाडांचं वय काढतात, तोही अंदाजच असतो. हे तपासणाऱ्यांची जागा ठरलेली आहे, आणि ती चाळीच्या गॅलरीत नाही. कागद पाहायची मुख्याध्यापकांवर जबाबदारी आहे, त्यांना पाहू द्या. आणि 'बाहेरगावाहून आलाय' हा शब्द तुम्ही वापरलात म्हणून एक विचारते, रागावू नका. तुमचे सासरे गिरणीत कामाला होते आणि गाव कोकणात आहे, असं तुम्हीच लिहिलंय. ते या परळमध्ये आले तेव्हा कुठून आले होते?

पावडरची गोष्ट मात्र वेगळी काढून ठेवा. तिचा या टायमिंगशी काही संबंध नाही, आणि म्हणूनच ती मला जास्त महत्त्वाची वाटते. संघ शेवटून पहिला आला असता तरी हा प्रश्न तुम्ही विचारायलाच हवा होता. पंधरा वर्षांच्या मुलाच्या पोटात काय जातंय हे त्याच्या आईला माहीत असणं ही कुणावर घेतलेली शंका नाही. सरांना म्हणा, डबा बघायचाय. साधी प्रोटीन पावडर असेल, बहुतेक वेळा तेच असतं. लेबल फाटलेलं असेल किंवा डबा सुटा भरलेला असेल, तर मुलाने ती घ्यायची नाही, विषय संपला. उत्तेजकांच्या नियमांत 'मला माहीत नव्हतं' हे चालत नाही. शरीरात जे सापडेल त्याची जबाबदारी खेळाडूची, देणाऱ्याने काहीही सांगितलेलं असो. सर्दी-खोकल्याच्या औषधातही बंदी असलेली द्रव्यं असू शकतात. राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्था, म्हणजे नाडा, हिचं 'नो युवर मेडिसिन' नावाचं ॲप आहे, त्यात औषधाचं नाव घालून तपासता येतं. पण पावडरच्या डब्यात लेबलाबाहेरचं काही मिसळलंय का, हे असं नाव घालून कळत नाही.

आणि रिलेत तर एकाचं चौघांना भोगावं लागतं. २००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये जमैकाने हीच रिले ३७.१० सेकंदांत जिंकली. नंतर नेस्टा कार्टरचा जपून ठेवलेला नमुना पुन्हा तपासला, त्यात बंदी असलेलं द्रव्य निघालं, आणि २०१७ मध्ये चौघांचीही सुवर्णपदकं गेली. त्यात उसेन बोल्टचंही गेलं, त्याचा काही दोष नसताना. हे सरांना सांगायची वेळ आली तर सांगा. ट्रॅकवरच्या माणसाला ही गोष्ट ठाऊक असतेच, पण कधी कधी आठवण करून द्यावी लागते.

आता तुमचा मूळ प्रश्न. सांगू की गप्प बसू?

तुम्ही असं धरून चाललात की मुलाला काही माहीत नाही आणि तुम्ही सांगितलंत तर त्याचा आनंद मोडेल. माझा वर्गातला अनुभव उलटा आहे. मुलांना आपलं टायमिंग मास्तरांपेक्षा नीट कळतं. दुसऱ्या संघाच्या मुलाचा श्वास मागे ऐकू येत होता की नाही, हे शेवटच्या मुलाने त्या रात्रीच बाकीच्या तिघांना सांगितलं असणार. मला तर वाटतं चौघंही एकमेकांकडे बघत गप्प असतील, कारण नाक्यावर बॅनर आहे, ट्रस्टींनी खांद्यावर हात ठेवलाय आणि घरी आई खूश आहे असं त्यांना वाटतंय. तुम्ही त्याच्यासाठी गप्प, तो तुमच्यासाठी गप्प.

म्हणून त्याला 'सांगू' नका. रात्री जेवणं झाली की व्हिडिओ लावा आणि एवढंच विचारा, "हा दुसरा मुलगा किती मागे आहे रे?" नववीत गतीचा धडा झालाय त्याचा. मीटर, सेकंद, सगळं त्याचं तो करेल. तो चिडला तर चिडू द्या, दोन दिवस मोबाइलमध्ये डोकं घालून बसला तर बसू द्या. हे गणित त्याला स्वतःच्या हाताने सुटलेलं बरं, कारण जिल्हास्तरावर गेल्यावर ते सगळ्यांसमोर सुटणार आहे. तिथे चांगला ट्रॅक असेल, घड्याळं नीट असतील, आणि मुलं ४५.५ धावली तर ती त्यांची आजवरची खरी सर्वोत्तम वेळ असेल. पण डोक्यात ४३.८ घेऊन गेलेल्या मुलाला ती हार वाटेल. 'आपण पावणेदोन सेकंदांनी उतरलो' असं म्हणत तो परत येईल, सर ओरडतील, आणि सरावात नसलेला दोष चौघंही शोधत बसतील. सर ज्याला विरजण म्हणतायत ते आत्ता पडलं तर चमचाभर आहे.

सरांचीही बाजू आहे. टायमिंग त्यांनी घेतलेलं नाही, जाहीर त्यांनी केलेलं नाही. बॅनर त्यांच्या खिशातला नाही. वर्षभर पोरांना पहाटे उठवणाऱ्या माणसाच्या वाट्याला एकदा टाळ्या आल्या आणि तिथे एक पालक बेरीज घेऊन उभी! मला त्यांचं बोलणं उद्धट वाटलं नाही, दमलेलं वाटलं. तेव्हा त्यांना एकटं गाठा, इतर पालकांसमोर नको. "टायमिंग खोटं आहे" असं म्हणू नका. म्हणा, "सर, मला वाटतं लिहिताना आकडा चुकलाय. आयोजकांकडे टायमिंगची शीट असेल, तुम्ही एकदा बघाल का?" शीट पाहिली की पुढचं बोलावंच लागत नाही. नियमाप्रमाणे पहिल्या क्रमांकासाठी तीन घड्याळं असतात. दोन जुळली तर ती वेळ धरायची, तिन्ही वेगळी असतील तर मधली. दोनच घड्याळं असतील तर त्यांतली जास्त भरलेली. एका घड्याळात ४५.७ आणि दुसऱ्यात ४५.८ लिहिलेलं सापडलं, तर सर स्वतःच आयोजकांना फोन करतील. आणि दुरुस्ती सरांकडून गेली तर त्यांचा मान वाढतो, तुमच्याकडून गेली तर त्यांचा कमी होतो. एवढं त्यांच्यासाठी राखा.

दुरुस्तीत लाजण्यासारखं काही नाही. २००६ मध्ये दोह्याला जस्टिन गॅटलिनने शंभर मीटरचा विश्वविक्रम केला, ९.७६ म्हणून. काही दिवसांनी कळलं की घड्याळात ९.७६६ होतं आणि ते नियमाप्रमाणे वरच्या आकड्याला न्यायला हवं होतं. विक्रम ९.७७ झाला, म्हणजे जुन्या विक्रमाशी फक्त बरोबरी. साऱ्या जगासमोर फिरवलेला आकडा त्यांनी मागे घेतला. (गॅटलिनवर पुढे बंदी आली ती उत्तेजकांमुळे. त्या दुरुस्तीशी तिचा संबंध नव्हता.)

"कोणाचं काय बिघडतंय?" असा प्रश्न तुम्हाला कुणीतरी विचारेलच. तुमच्या मुलाचा पहिला क्रमांक खरा आहे, दुसऱ्यांचा दुसरा खरा आहे, पदकं जागच्या जागी आहेत. बिघडतंय ते इथे हजर नसलेल्या चौघांचं. ४४.९ हा जुना विक्रम कुणीतरी केला होता ना? चार मुलं असतील, आता कॉलेजात, कुणी नोकरीला. त्यांच्या शाळेच्या फलकावर कदाचित ते लिहिलेलं असेल. एका वाकड्या रेघेमुळे ते पुसलं गेलं आणि त्यांना कळलंही नसेल. मी हे लिहिताना मला माझ्या त्या अठ्ठावन्न सेकंदांच्या मुली आठवतायत. त्यांच्याआधीच्या मुलींचं काय झालं, हा विचार मी तेव्हा केला नव्हता.

सवलतीच्या गुणांची काळजी सोडा. ते स्पर्धेचा स्तर, सहभाग आणि क्रमांक पाहून मिळतात, सेकंद पाहून नाही. आकडा दुरुस्त झाला म्हणून एकही गुण जाणार नाही. उलट पुढच्या कुठल्या प्रवेशअर्जावर 'सर्वोत्तम वेळ' असा रकाना असेल तर तिथे ४३.८ लिहू देऊ नका. आत्तापर्यंत चूक दुसऱ्याची होती. ठाऊक असून तो आकडा अर्जावर लिहिला, खाली सही केली, तर ती तुमची होते. बोगस क्रीडा प्रमाणपत्रांच्या बातम्या आपण महाराष्ट्रात वाचल्यात, त्यांची सुरुवातही कुठेतरी अशा एखाद्या रकान्यातच झाली असेल.

बॅनर राहू दे. तो काढा म्हणायला जाऊ नका. एक तर तो तुमच्या मुलासाठी लावलेला नाही. तुम्हीच लिहिलंय, चौघांचे फोटो पोस्टाच्या तिकिटाएवढे आणि वरच्या साहेबांचे ताटाएवढे. दुसरं म्हणजे पालिकेची गाडी येईल किंवा पाऊस येईल, जो आधी येईल तो.

तुमच्याच जागी, पण उलट बाजूला असलेल्या वाचकांसाठी दोन शब्द. आपलं मूल हरलंय आणि जिंकणाऱ्यांचं टायमिंग अशक्य वाटतंय, अशी पत्रंही मला येतात. त्यांनीही आधी दोन संघांमधलं अंतर आणि दोन टायमिंगं जुळतात का ते पाहावं. जुळत नसतील तर चूक कागदावर आहे, आणि क्रमांक त्याने बदलत नाही. तक्रार करायचीच असेल तर ती संघाच्या शिक्षकांमार्फत, निकाल जाहीर झाल्यापासून तीस मिनिटांत करावी लागते, असा ॲथलेटिक्सचा नियम आहे. तीन दिवसांनी पालकांच्या ग्रुपवर 'कुछ तो गडबड है' टाकणं ही तक्रार नव्हे, आणि त्या ग्रुपवर ज्या मुलाचा फोटो फिरतो तो बहुतेक वेळा नवा आलेला, गरीब किंवा काळासावळा असतो, हे मी पाहिलंय.

आणि मुलांना खरं टायमिंग हवं असेल, त्यांना ते हवंच असणार, तर सरांना म्हणावं एका रविवारी सकाळी चौघांना सिंथेटिक ट्रॅकवर न्या. प्रियदर्शिनी पार्क आहे, मरीन लाइन्सला विद्यापीठाचा ट्रॅक आहे, परवानगी आधी काढावी लागते. मोबाइल स्टँडवर ठेवा, अंतिम रेषेच्या अगदी सरळ रेषेत. चारशे मीटरच्या ट्रॅकवर एकच फेरी, म्हणजे सुरुवातही तिथून फार लांब नसते. क्लॅपर वाजवणारा चौकटीत दिसेल असा उभा करा. क्लॅपरच्या दोन फळ्या मिटताना दिसल्या त्या क्षणापासून मोजायचं, आवाजापासून नाही, आणि धावणाऱ्याची छाती रेषेवर येईपर्यंत. डोकं किंवा पुढे केलेला हात धरायचा नाही. साध्या मोबाइलमध्ये सेकंदाला तीस चित्रं असतात, म्हणजे तीन-चार शतांशांपर्यंत तुम्ही अचूक. माझ्या अंगठ्यापेक्षा कितीतरी बरं.

पत्राच्या शेवटी, कोपऱ्यात, तुम्ही विचारलंय की बॅनरचा फोटो गावी सासूबाईंना पाठवायचा राहिलाय, आता पाठवावा की नाही. पाठवा की! त्या ४३.८ विचारणार नाहीत आणि ४५.८ ही विचारणार नाहीत. फोन करून एवढंच विचारतील, "पयलो नंबर इलो ना?"

इलो, म्हणून सांगा.